चौथं नाव

एक आवे मारिया म्हणून होईपर्यंत बाळ बारा श्वास घेत असे. कधी अकरा, कधी तेरा. जन्मल्यापासूनच्या चार दिवसांत बिट्रिसने हे इतक्यांदा मोजलं होतं की प्रार्थनेचे शब्द आता आपोआप चालायचे आणि आकडा तेवढा हाती उरायचा. आकडा दहाच्या खाली गेला की ती बाळाच्या टाचेला हलका चिमटा घ्यायची. बाळ रडायचं. मग ती पुन्हा मोजायला लागायची.

मुलगी होती. हे बिट्रिसचं चौथं मूल, आणि आजच्या घडीला एकुलतं एक.

कोपरी गावातल्या किरिस्तांव घरांत मुलाचं नाव काय ठेवायचं यावर कुणाला डोकं चालवावं लागत नसे. पहिला मुलगा झाला की बापाच्या बापाचं नाव, पहिली मुलगी झाली की बापाच्या आईचं. पुढचा मुलगा आईच्या बापाचं नाव घेऊन यायचा, पुढची मुलगी आईच्या आईचं. नावं आधीच ठरलेली, मुलं येतील तशी त्यांना वाटून द्यायची. म्हातारं माणूस मातीआड गेलं तरी त्याच्या नावाने अंगणात कुणीतरी कुणाला तरी हाक मारत राहायचं, आणि त्यात सगळ्यांनाच बरं वाटायचं.

पहिला झाला तो पास्कू, सासऱ्याच्या नावाचा. दहा महिन्यांचा असताना तापाने गेला. मग मोनिका, सासूच्या नावाची. तीन वर्षांची असताना तिचा घसा धरला, आणि पाचव्या दिवशी ती गेली. मग लुईस, बिट्रिसच्या बापाच्या नावाचा. त्याच्या वेळी शेजारची गोदा म्हणाली होती, "आमच्यात करतात ते करून बघ. तुझा देव काय चिडायचा नाय." तिने लुईसला सुपात कोंड्यावर निजवलं, मूठभर कोंडा बिट्रिसच्या पदरात टाकला आणि पोर विकत घेतलं. "आता हा माझा. तू नुसती सांभाळणारी. आणि हाक मारायची ती दगडू म्हणून. दगडाकडं कोण बघतंय?" लुईस दीड वर्ष दगडू होता. गेल्या वर्षी होळीच्या सुमाराला त्याला देवी आल्या.

तेव्हापासून बिट्रिस रडली नव्हती. तिने तसं ठरवलं नव्हतं, रडणं येत नव्हतं एवढंच. पुरून आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती मिठागरावर पाट्या उचलायला गेली. एकदा चुलीवरची कढई तिने हातानेच उतरवली आणि जळाल्याचा वास आला तेव्हा तिला कळलं की तो वास आपल्या बोटांचा आहे. बायका मागे काय बोलतात ते तिच्या कानावर येत होतं. ऐकू यायचं, आत कुठे पोहोचायचं नाही. आता हे मूल छातीशी धरलं तरी तसंच व्हायचं. ते ओढायचं, आणि ते ओढणं दुसऱ्या कुणाच्या तरी अंगाला चालल्यासारखं वाटायचं. दूधही नावापुरतंच उतरायचं. दिवसातून तीनदा गोदा यायची. तिचा मधु सात महिन्यांचा होता आणि तिला दूध मुबलक होतं. मधुला खाली ठेवून ती हिला घ्यायची.

गुरुवारी दुपारी बिट्रिसची आई ज्युलियाना कल्याणाहून आली. तिचा मुलगा तिथे रेल्वेत दिवे पुसायच्या आणि तेल घालायच्या कामाला होता, ती त्याच्याकडे राहायची. येताना तिने मेथी आणली, सुकं खोबरं आणलं, आणि फडक्यात गुंडाळलेला एक झगा आणला. बाप्तिस्म्याचा झगा. स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचे काठ उसवून तिने ते झग्याच्या घेराला लावले होते.

हात धुऊन तिने बाळ उचललं आणि उजेडाकडे नेलं.

"नाक बघ. माझंच हाय. ज्युलियानाला ज्युलियानाचं नाक."

"आये," बिट्रिस म्हणाली, "तुझं नाव नाय ठेवायचं."

ज्युलियानाने बाळाच्या नाकावरून बोट काढलं. "का? माझ्या नावाला काय खरूज झालीय?"

"पास्कू गेला, मोनिका गेली, लुईस गेला. एकेक जण एकेक नाव घेऊन गेलं. एक तुझंच उरलंय."

"मी जिती हाय."

"म्हणूनच."

गोदा कोपऱ्यात मधुला थोपटत बसली होती. तिने मान वर केली नाही.

ज्युलियाना साठीला आली होती. मुलाला तिघे मुलगेच होते आणि सुनेचं वय गेलं होतं. तिच्या नावाची नात व्हायची तर ती या घरातच व्हायची होती, आणि ती झालीही होती, तिच्या हातावरच होती. हे तिने बोलून दाखवलं नाही. झगा पुन्हा फडक्यात गुंडाळला, फडक्याची गाठ दोनदा मारली आणि विचारलं, "मग काय ठेवणार?"

"नायोबी."

"ही कोण संत?"

"संत नाय. आगबोट."

यावर मात्र गोदाला हसू आलं. "अगं बये. मग माझ्याकडं दूध कशाला मागतेस? कोळसा घाल तिला."

नायोबी ही मीठखात्याची छोटी आगबोट होती. ठाण्याच्या खाडीतून कल्याणपर्यंत ती मिठागरं तपासत फिरायची. बिट्रिसचा नवरा अँब्रोज तिच्यावर खलाशी होता. दरवर्षी पावसाळा संपला की तिच्या नाकाडावरची पांढरी इंग्रजी अक्षरं तोच रंगवायचा. बिट्रिसला वाचता येत नव्हतं, पण ती पाच अक्षरं तिला बांधावरून ओळखू यायची, मधलं वाटोळं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात कल्याणच्या बंदरात बांधलेले नऊ मचवे फुटले. नायोबी दोर तोडून गेली, ती दुसऱ्या दिवशी दुर्गाडी किल्ल्याच्या खाली चिखलात बसलेली सापडली. चिखल धुतला, भट्टी पेटवली, आणि ती चालू लागली. तिला एक ओरखडा नव्हता.

बिट्रिसच्या मनात हे कधीचं बसलं होतं. काही कापड विटतं, काही फाटतं, काही वर्षानुवर्षं अंगावर टिकतं. नावांचंही तसंच असणार. घरातली तीन नावं तिने वापरून पाहिली होती आणि त्यांतलं एकही टिकलं नव्हतं.

शुक्रवारी अँब्रोज पाद्रींकडे जाऊन आला. पाद्री सेलेस्टीन म्हातारे होते, गोव्याकडचे, त्यांचं मराठी अजून कोकणीच्या वाटेने चालायचं. ते म्हणाले होते की हे नाव किरिस्तांवांचं नाही. आधी ते कुणाचं, त्याचा अर्थ काय ते समजून या. शिवाय पुढे एखाद्या संताचं नाव लावल्याशिवाय मी ते वहीत लिहिणार नाही. अँब्रोजने मग आगबोटीवर मीठखात्याच्या कारकुनाला, श्रीपादरावांना विचारलं. संध्याकाळी घरी आला तो अंगणातलं कुंपण बांधायला बसला. कुंपण मोडलेलं नव्हतं.

"कळलं काय?" बिट्रिसने खिडकीतून विचारलं.

"उद्या तेच येतायत सांगायला."

"तुला नाय सांगितलं?"

"सांगितलं." त्याने काथ्या दातात धरून ओढला. "तू त्यांच्या तोंडूनच ऐक."

श्रीपादराव शनिवारी सकाळी आले. कोपरीत सगळे त्यांना ओळखत. मिठागरातलं पाणी कुठवर आटलं ते बघायला आगरी हात बुडवून, चव घेऊन सांगायचे. श्रीपादराव काचेची एक नळी पाण्यात सोडायचे, ती तरंगायची, आणि तिच्यावरचा आकडा ते वाचायचे. मुंबईला दोन वर्षं ते कॉलेजात रसायन शिकले होते. वडील गेले म्हणून परत आले. त्यांच्या बोलण्यात 'सुमारे' हा शब्द क्वचितच असायचा, आणि असला तर खरोखरच सुमारे असायचं.

ते अंगणात खिडकीशी उभे राहिले. बाळंतिणीच्या घरात ते येणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ज्युलियानाने बाहेर बाज टाकली. ते बसले नाहीत. बिट्रिस आतल्या बाजूला भिंतीला टेकून बसली. गोदा बाळाला पाजत होती, ती भिंतीकडे तोंड करून बसली.

"बाई," श्रीपादराव म्हणाले, "नावाचा अर्थ राणी, एवढं सांगून मला मोकळं होता आलं असतं. ते खोटं ठरलं नसतं, ती राणीच होती. पण अर्धं माप सांगायची मला सवय नाही."

"सांगा, दादा."

"ग्रीस म्हणून देश आहे. तिथल्या फार जुन्या गोष्टीतली ही राणी. तिला पुष्कळ मुलं होती. कुणी बारा सांगतं, कुणी चौदा."

"एकीला?" गोदाने भिंतीलाच विचारलं.

"एकीला. तिथे एक देवी होती, तिला दोनच. ही एकदा लोकांसमोर म्हणाली, माझी बघा किती आहेत, मग पूजा तिची कशाला करता?" खिडकीच्या गजावर त्यांनी बोट ठेवलं होतं, ते काढून घेतलं. "त्या देवीच्या दोन मुलांनी हिची मुलं बाणांनी मारली."

"किती?"

"सगळी."

"किती दिवसांत?"

"एका दिवसात, असं गोष्टीत आहे."

बिट्रिसने मनात बारा हा आकडा धरून पाहिला. एका आवे मारियाइतका तो आकडा होता. एका दिवसात म्हणजे कुणाच्या उशाशी बसायला वेळ नाही, औषधाला धावायला वेळ नाही, एकाचे कपडे धुऊन वाळायच्या आत दुसऱ्याचे. तिला वाईट वाटलं नाही. तो हिशेब तेवढा तिच्यापुढे स्पष्ट उभा राहिला.

"मी कधी कुणाला मोजून दाखवली नाय," ती म्हणाली. कोपरीत पोरं मोठ्यांदा मोजत नसत. विचारलं कुणी तर 'आहेत देवाच्या दयेनं' म्हणायचं.

"मी तसं म्हणत नाही, बाई. तुमचा आणि या गोष्टीचा काही संबंध नाही."

"मग ती मेली?"

"नाही. ती फार रडली. रडता रडता तिचा दगड झाला. तिकडे एक डोंगर आहे, त्यातल्या एका खडकातून पाणी पाझरतं. लोक म्हणतात, ती तीच." मग त्यांनी पुस्ती जोडली, "चुनखडीचा असणार. त्यात पावसाचं पाणी मुरतं आणि मग हळूहळू बाहेर येतं."

ज्युलियाना इतका वेळ दारात उभी होती. "अशी बाई शोधायला इतकं लांब कशाला जायचं?" ती म्हणाली. "आमच्या आळीत चार हायत."

गोदाने बाळाला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"दगड आमचा ठेवून झाला," बिट्रिस म्हणाली. "सायबाला ही गोष्ट ठाऊक नव्हती? बोटीला कशाला असं नाव द्यायचं?"

"ठाऊक असणार. त्यांच्याकडे जहाजांना अशीच नावं देतात. नाव भारदस्त वाटलं की झालं, गोष्ट कुणी बघत बसत नाही. आणि बोटीलाच कशाला, आकाशात एक बारीक ग्रह सापडला, त्यालाही हेच नाव दिलंय. मी पाहिलेला नाही, मोठ्या दुर्बिणीशिवाय तो दिसत नाही. एका धातूलाही दिलंय."

"कसला धातू?"

आता श्रीपादरावांचा आवाज थोडा सैल झाला. "तिचा बाप राजा होता. त्याला शिक्षा झाली ती अशी की गळ्याइतक्या पाण्यात उभं राहायचं, आणि प्यायला वाकलं की पाणी खाली जायचं. एक धातू असा आहे, तो तेजाबात बुडवला तरी तेजाब पीत नाही. म्हणून त्याला त्या बापाचं नाव दिलं. पुढे एका जर्मन माणसाला त्याच धातूच्या दगडात आणखी एक धातू मिसळलेला सापडला. बापाच्या पोटात सापडली म्हणून तिला लेकीचं नाव."

"ती बी पीत नाय?"

"नाही. तेजाबात टाका, विरघळत नाही."

"म्हंजे टिकते."

"टिकते."

"आणि हे नाव किती वर्षं झाली?"

"अडीच हजार तरी. जास्तच."

बिट्रिसने मान हलवली. दहा महिने, तीन वर्षं, दीड वर्ष. तिच्याकडची नावं एवढीच चालली होती.

"दादा, तुम्ही ठेवाल काय असं नाव तुमच्या मुलीला?"

"नाही ठेवणार," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण माझी तिन्ही मुलं आहेत, बाई." आणि हे बोलल्यावर त्यांना तिथे उभं राहवेना. मिठागरावर जायचं आहे, असं काहीतरी म्हणून ते निघाले. फाटकापर्यंत अँब्रोज त्यांच्याबरोबर गेला. दोघेही खाली बघत चालत होते.

गोदाने बाळाला बिट्रिसच्या मांडीवर आणून ठेवलं. "ऐकलंस ना? आता काय ते साधं ठेव. आना ठेव, मारी ठेव."

"नायोबीच," बिट्रिस म्हणाली.

ज्युलियाना दारातून आत आली. "तुझं डोकं फिरलंय. त्या बाईची बारा मेली."

"ती नाय मेली."

"काय?"

"बारा मेली, पण नायोबी नाय मेली. ती राहिली. दगड झाली, पाणी झाली, काय झाली असेल ती, पण राहिली." बिट्रिसचा आवाज वर गेला नव्हता. गणित सोडवून दाखवावं तशी ती बोलत होती. "माझ्या पोरीने ती व्हावं. मरणाऱ्यांतलं होऊ नये."

"आणि हिची पोरं? ती मरावीत?"

"त्याला वीस वर्षं हायत."

ज्युलियाना तिच्याकडे बघत राहिली. सहा दिवसांच्या बाळाकडे तिने एकदा पाहिलं, मग पुन्हा लेकीकडे. तिने नऊ मुलं जन्माला घातली होती आणि त्यांतली सात पुरली होती. पण कुठल्याही एका मुलाला वाचवायला आपण पुढच्या बारांचा सौदा केला असता का, हे तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"ते तिचं ती बघेल," बिट्रिस म्हणाली.

त्यानंतर दिवसभर ज्युलियाना तिच्याशी बोलली नाही. मेथीची पेज करून समोर ठेवली, अंग चोळून दिलं, धुरी दिली, पण तोंडातून शब्द काढला नाही. दिवेलागणीला बिट्रिसच्या लक्षात एक गोष्ट आली, आणि ती आधी कशी आली नाही याचंच तिला नवल वाटलं. चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतीण देवळात जात नाही. उद्या देवळात ती असणार नव्हती. बाप्तिस्म्याला जी बाई मूल हातावर धरते तिला पाद्री नाव विचारतात, आणि ती सांगेल ते नाव होतं. मूल हातावर धरणार होती ज्युलियाना.

"आये," ती म्हणाली, "उद्या पाद्री विचारतील तेव्हा—"

"विचारू दे."

"काय सांगशील?"

"तोंडाला येईल ते."

रविवारी ज्युलियानाने बाळाला झगा घातला. काठ लाल होते, झग्याला थोडे जड झाले होते, त्यामुळे घेर खाली ओढला जायचा. अँब्रोजने कोट घातला. मध्ये भूक लागली तर म्हणून गोदाही मधुला काखेला मारून निघाली. "मी बाहेर झाडाखाली बसेन," ती म्हणाली. "तुमच्या पाद्रीनं मलाबी पाणी मारलं तर घरात घेणार नायत." ती एकटीच हसली. मग ते सगळे रुळांच्या बाजूला दिसेनासे झाले.

देऊळ रुळांपलीकडे, तळ्याच्या अंगाला होतं. जायला अर्धा तास, यायला अर्धा तास, मिस्सा आणि बाप्तिस्मा धरून तीन तासांच्या आत काही ते परतत नव्हते.

घरात बिट्रिस एकटी राहिली. सात दिवसांत पहिल्यांदाच बाळ हाताच्या अंतरावर नव्हतं. ती बाजेवर बसली आणि सवयीने आवे मारिया म्हणू लागली. प्रार्थना संपली आणि हाती काहीच आकडा आला नाही. तिने पुन्हा सुरुवात केली. मोजायला श्वास हवा होता, म्हणून ती स्वतःचे मोजायला लागली. पाच. पुन्हा पाच. एवढ्या थोड्या श्वासांत माणूस कसं जगतं, असं तिला वाटलं.

आईने स्वतःचं नाव सांगितलं असणार, हे तिने मनात जवळजवळ धरलं होतं. का नाही सांगणार? नाव तिच्या हक्काचं होतं, लुगड्याचे काठ तिचे होते. आणि एकदा पाद्रींनी पाणी ओतलं की ते नाव परत घेता येत नाही. मग ज्युलियाना नावाची मुलगी या घरात असेल, आणि किती दिवस असेल हे आपल्याला आत्ताच माहीत असेल. याची भीती वाटायला हवी होती. बिट्रिस भीतीची वाट बघत बसली. खाडीकडून आगबोटीची शिटी आली. रविवारी ती सुटत नसे, कुणीतरी भट्टी तपासत असेल. ती उठून दाराशी गेली, उंबऱ्याच्या आत उभी राहिली. बांधापलीकडे पाणी आणि चिखल एकाच रंगाचे दिसत होते.

ते आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. गोदा पुढे होती.

"तुझा पाद्री लई खवट," तिने अंगणातूनच सुरुवात केली. "आत काय चाललंय ते झाडाखाली ऐकू येत होतं."

अँब्रोजने कोट काढला, खुंटीला लावला, पुन्हा काढून झटकला आणि पुन्हा लावला.

ज्युलियानाने बाळाला बाजेवर ठेवलं आणि झग्याचे बंद सोडायला घेतले. बाळाच्या कपाळावर तेलाचा डाग होता.

"काय सांगितलंस?" बिट्रिसने विचारलं.

"नायोबी सांगितलं."

बिट्रिसला ते एकदम समजलं नाही.

"म्हणाले, हे मागं लावा पाहिजे तर. पुढं संत लागेल. पाणी हातात धरून उभे. म्हणे लवकर बोला, पोर थंडीनं आखडतंय."

"मग तुझं सांगितलंस."

"माझं कशाला? माझं मला लागतंय अजून." एक गाठ सुटेना, ज्युलियानाने ती दाताने सोडवली. "बिट्रिस सांगितलं."

"ते माझं हाय."

"ठाऊक हाय. म्याच ठेवलेलं."

"आईचं नाव पोरीला कुणी देत नाय, आये."

"पाद्रीबी तेच म्हणाले. म्हणाले, घरात हाक मारली तर कोण येईल? म्हटलं, जी जवळ असेल ती येईल. लिहिलंन मग." तिने झगा बाजूला ठेवला, बाळाला जुन्या मऊ फडक्यात गुंडाळलं. "पाच पोरींना नावं दिली म्या. इसाबेल, आना, कातारीना, लुसी, बिट्रिस. चार नावं गेली. पाचवं हे समोर बसलंय, पेज खातंय, माझ्याशी भांडतंय. तुला टिकलेलं नाव पाहिजे होतं. खाडीत कशाला शोधत होतीस?"

चारी नावं बिट्रिसला माहीत होती. आईने ती अशी एका दमात कधी उच्चारली नव्हती.

बाळ कुरकुरलं.

"बिट्रिस," ज्युलियानाने हाक मारली.

"काय?"

"तुला नाय," ज्युलियाना म्हणाली, आणि बाळाला उचललं. "बिट्रिस, चल. भूक लागली ना? चल, चल."

गोदाने हात पुढे केले. "आण इकडं आगबोटीला."

ज्युलियानाने ते हात पाहिले न पाहिल्यासारखे केले. तिने बाळाला बिट्रिसच्या मांडीवर ठेवलं, डोक्याखाली तिचा दंड नीट लावून दिला आणि बाळाचं तोंड छातीशी नेलं. बाळाने थोडं शोधलं, चुकलं, पुन्हा शोधलं आणि हिरड्यांनी घट्ट धरलं.

बिट्रिसने श्वास आत ओढला.

"काय झालं?" अँब्रोजने दारातून विचारलं.

"दुखतंय," ती म्हणाली. स्वतःच्याच आवाजाचं तिला नवल वाटलं. मग पुन्हा म्हणाली, "लई दुखतंय, आये."

"दुखणारच. चिरा पडल्यात. हाताने धर, असं."

तिने धरलं. दुखणं छातीतून खांद्यात गेलं, खांद्यातून पाठीत, आणि त्याच्या मागोमाग दुसऱ्या बाजूचं लुगडं ओलं झालं. गोदाने ते पाहिलं आणि मधुला उचलून आपल्या मांडीवर घेतलं.

बिट्रिसने डोळे मिटले आणि आवे मारिया सुरू केली. तिसऱ्या की चौथ्या श्वासाला बाळाने पुन्हा जोरात ओढलं. प्रार्थना कुठवर आली होती ते ती विसरली, आणि श्वास किती झाले होते तेही.